बोललो एक, उमटलं भलतंच: विद्यार्थ्यांच्या मराठी व्हॉइस टायपिंगच्या तक्रारी आणि त्यांवरच्या तपासण्या

निबंध, प्रकल्प, स्वाध्याय किंवा अभ्यासाच्या नोट्स बोलून लिहिणाऱ्या मुलांच्या घरून तीच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "याला मराठी कळतच नाही." बहुतेक वेळा यंत्राला मराठी कळत असतं. त्याला मराठी ऐकायला सांगितलेलं नसतं, किंवा आवाजच नीट पोहोचत नसतो, किंवा मूल एकेक शब्द तोडून बोलत असतं. कारणं साधारण याच क्रमाने सापडतात. तरी घरोघरी उलट क्रमाने शोध सुरू होतो. आधी मुलाच्या उच्चारांना दोष दिला जातो, मग नवा फोन घ्यायचं निघतं, आणि भाषेची सेटिंग कोणी उघडून बघत नाही.

खालच्या तपासण्या अँड्रॉइड फोनवरच्या गूगलच्या कीबोर्डसाठी, म्हणजे जीबोर्डसाठी, आणि लॅपटॉपवरच्या गूगल डॉक्ससाठी आहेत. फोनच्या आवृत्तीप्रमाणे मेनूची नावं थोडी इकडची तिकडे होतील.

लक्षणं

- माइक दाबला की चिन्ह हलतं, पण एकही अक्षर उमटत नाही.
- "आहे"च्या जागी "है", "बाळ"च्या जागी "बाल" येतं, किंवा वाक्याच्या शेवटी टिंबाऐवजी उभा दंड (।) पडतो.
- मराठी बोललेलं रोमन लिपीत, भलत्याच इंग्रजी शब्दांत उतरतं.
- दोन वाक्यं नीट येतात, मग ऐकणं आपोआप बंद पडतं.
- प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द गायब होतो.
- विभक्तीचे प्रत्यय सुटे पडतात: "शाळे त", "मुलां नी", "भारता ने".
- सकाळी ठीक चालतं, संध्याकाळी बिघडतं.
- आई बोलली की बरोबर, मूल बोललं की चूक. कधी याच्या उलट.
- शब्द बरोबर असतात, पण विरामचिन्ह एकही नाही आणि पान भरून एकच वाक्य.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसणं नेहमीचं आहे. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर बदलानंतर खालचं वाक्य त्याच वेगाने, त्याच आवाजात वाचा:

"काळ्या ढगांकडे पाहून बाळूने दुसऱ्याच दिवशी बँकेतून पंचवीस रुपये काढले आणि विज्ञानाची नवी वही आणली."

वाक्य साधंच आहे, पण त्यात ळ, ण, ज्ञ, ऱ्य, बँ, एक संख्या आणि चार-पाच प्रत्यय आलेत. दर वेळी वेगळं काहीतरी बोलून पाहिलं, तर सुधारणा सेटिंगमुळे झाली की वाक्य सोपं होतं म्हणून, हे कळत नाही. निकाल असा वाचा. "काल्या", "बालू" आलं तर भाषेची सेटिंग चुकलेली. "काळ्या" गायब आणि पुढचं ठीक असेल तर माइक सुरू व्हायच्या आधीच बोलणं सुरू झालं. मधलाच एखादा तुकडा गळाला तर नेट किंवा गोंगाट. "पंचवीस"च्या जागी २५ आकड्यात आलं तर तो बिघाड नव्हे.

१. कोणता माइक दाबला जातोय?

फुकटची आणि दहा सेकंदांची तपासणी. व्हॉट्सॲपमध्ये लिहिण्याच्या चौकटीशेजारचा गोल हिरवा माइक आवाजाचा निरोप रेकॉर्ड करतो, त्यातून अक्षरं उमटत नाहीत. टायपिंगचा माइक कीबोर्डवर असतो, अक्षरांच्या वरच्या पट्टीत, बहुधा उजव्या कोपऱ्यात. शिक्षक वर्गाच्या ग्रुपवर "उत्तर बोलून लिहा" म्हणतात आणि तीस ऑडिओ क्लिपा येऊन पडतात, त्याचं कारण हेच.

कीबोर्डवर माइक दिसतच नसेल, तर जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये "व्हॉइस टायपिंग" उघडून ते चालू आहे का बघा. सॅमसंगसारख्या फोनवर कंपनीचा स्वतःचा कीबोर्ड असतो आणि त्याचा माइक वेगळ्या सेवेला जोडलेला असू शकतो. तिथे एक तर त्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये व्हॉइस इनपुटसाठी गूगल निवडा, नाहीतर सरळ जीबोर्ड टाकून तोच नेहमीचा कीबोर्ड करा. नाहीतर दोन कीबोर्ड, दोन माइक, आणि सेटिंग एकाची बदलताय तर वापर दुसऱ्याचा चाललाय, असा घोळ होतो.

२. भाषा मराठीच आहे ना?

या तपासणीला वेळ द्या, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात.

फोनची भाषा, कीबोर्डची भाषा आणि ऐकण्याची भाषा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन मराठीत असला म्हणून माइक मराठी ऐकेल असं नाही. आणि फोन इंग्रजीत असला तरी माइक मराठी ऐकू शकतो.

जीबोर्डवर कीबोर्ड उघडा, गिअरचं चिन्ह दाबा, "लँग्वेजेस"मध्ये जा आणि "ॲड कीबोर्ड"मधून मराठी जोडा. तिथे अक्षरमांडणी विचारली जाते: देवनागरी, इंग्रजी अक्षरांतून मराठी, किंवा हस्ताक्षर. बोलून लिहिण्यापुरतं यातलं काहीही चालतं. नंतर लिहिताना स्पेसबार दाबून धरा किंवा पृथ्वीगोलाचं चिन्ह दाबा आणि मराठी निवडा. स्पेसबारवर "मराठी" असं दिसलं पाहिजे. मगच माइक दाबायचा.

त्यानंतर "व्हॉइस टायपिंग"मध्ये भाषांची वेगळी यादी आहे का बघा. काही फोनवर असते. त्या यादीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्हींवर खूण असेल, तर मराठीत लिहायच्या वेळेपुरती हिंदीची खूण काढा. हिंदी आणि मराठीची लिपी एक, शेकडो तत्सम शब्द एक, त्यामुळे "विद्यार्थी, शिक्षण, समाज, प्रदूषण" असल्या शब्दांनी सुरू होणारं वाक्य यंत्राला दोन्हीकडचं वाटू शकतं. निबंधाची पहिली वाक्यं नेमकी असलीच असतात! ळ गायब होणं, "आहे"चं "है" होणं आणि उभा दंड पडणं या तीन खुणा एकत्र दिसल्या की पुढचं काही न तपासता भाषेकडे वळा.

इंग्रजीची खूण ठेवायची का, हे विषयावर ठरवा. सेमी-इंग्रजीच्या विज्ञानाच्या नोट्समध्ये "सेल मेम्ब्रेन", "व्हेलॉसिटी" असे शब्द वाक्यावाक्यात येतात. तिथे इंग्रजी राहू द्या आणि लिपी मिसळणार हे गृहीत धरा. मराठीचा निबंध असेल तर फक्त मराठी.

परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये मराठी बहुधा जोडलेलीच नसते. आजीशी मराठी बोलणारा मुलगा माइकला मराठी ऐकवतो आणि समोर इंग्रजी शब्दांची खिचडी येते. त्याच्या मराठीत काही खोट नसते. कीबोर्ड जोडला की प्रश्न सुटतो.

३. नेट

ओळख बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर होते, फोन फक्त आवाज पाठवतो. नेट अडखळलं की शब्द उशिरा येतात, मधले गळतात किंवा ऐकणं थांबतं. सकाळी ठीक आणि संध्याकाळी बिघडतं, याचं एक कारण संध्याकाळी सगळं घर एकाच वायफायवर असतं. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर कसोटीचं वाक्य वाचा, मग उलट करून बघा. फरक पडला तर माइकला आणि मुलाला दोघांनाही सोडून द्या, दोष जोडणीचा आहे.

व्हॉइस टायपिंगच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन ओळखीसाठी भाषा उतरवून घ्यायची सोय दिसली आणि त्या यादीत मराठी असली, तर उतरवून ठेवा. यादीत मराठी नसेल तर नेट लागणारच. गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग नेटशिवाय चालत नाही.

नेटवरून ओळख होते याचा दुसरा अर्थ असा की बोललेलं फोनबाहेर जातं. आधार क्रमांक, पासवर्ड, ओटीपी बोलून भरायची सवय मुलांना लागू देऊ नका.

४. परवानगी

माइकचं चिन्ह हलतं आणि अक्षर येत नाही, किंवा दाबल्याबरोबर बंद होतं, तेव्हा इथे बघा. अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत "माइक ॲक्सेस" नावाचं बटण मिळतं. ते बंद असेल तर कोणत्याही ॲपला आवाज मिळत नाही. लहान भावंडांनी पट्टीशी खेळताना ते बंद केलेलं असतं. चालू असून ऐकत नसेल, तर सेटिंग्ज, ॲप्स, जीबोर्ड, परमिशन्स असं जाऊन मायक्रोफोनला परवानगी द्या. तेच "गूगल" ॲपसाठी करा आणि गूगलच्या स्पीच सर्व्हिसेससाठीही. ऐकायचं काम जीबोर्ड एकटा करत नाही, म्हणून त्याच्या एकट्याच्या परवानगीवर भागत नाही.

माइक वापरात असताना त्याच अँड्रॉइडवर वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. बोलताना तो दिसत नसेल तर आवाज आत जातच नाहीये. तुम्ही काही केलेलं नसताना ठिपका दिसत असेल, तर ऑनलाइन क्लासचं किंवा रेकॉर्डिंगचं एखादं ॲप माइक धरून बसलंय. ते बंद करा.

५. माइक स्वतः

फोनचं साधं व्हॉइस रेकॉर्डर उघडा, कसोटीचं वाक्य रेकॉर्ड करा आणि ऐका. ही तपासणी लोक टाळतात. खरं तर हिच्यामुळे सगळा प्रश्न दोन तुकड्यांत फुटतो. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर माइक निर्दोष, आणि दोष सेटिंग, नेट किंवा बोलण्याच्या पद्धतीत. रेकॉर्डिंगच दबलेलं, खरखरीत किंवा विहिरीतून आल्यासारखं असेल, तर तुमच्या कानाला जे नीट कळत नाही ते यंत्राला कळेल ही अपेक्षाच नको.

मग हे करा, याच क्रमाने:

ब्लूटूथ बंद करा. कानात लावलेला, नाहीतर दप्तरात राहिलेला इअरबड फोनला जोडलेला असतो आणि माइक त्याचा घेतला जातो. जोडलेला आणि कानात असला तरीही नेहमीच्या ब्लूटूथवर एक अडचण आहे. माइक सुरू झाला की जोडणी गाण्यांच्या पद्धतीवरून फोनकॉलच्या पद्धतीवर उतरते, आणि तिथे आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा १६,००० घेतले जातात. ८,००० वर स, श, ष, फ यांच्यातली सूक्ष्म सळसळ कापली जाते, म्हणून "साळ" आणि "शाळा" यांत गफलत व्हायला वेळ लागत नाही. तारेचा इअरफोन स्वस्त असला तरी इथे वरचढ ठरतो.

कव्हर काढा. मुख्य माइक बहुतेक फोनांना खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी बारीक छिद्रात असतो. बाजारातली कव्हरं सगळ्या मॉडेलांना नीट बसत नाहीत आणि छिद्र अर्धवट झाकतात. फोन आडवा धरला की मुलांच्या हाताची करंगळी नेमकी तिथेच येते, तेही बघा.

छिद्र साफ करा, पण कोरड्या मऊ ब्रशने, फोन उलटा धरून. टाचणी, सुई, सिमकार्डची पिन आत घालू नका. आत धूळ अडवणारी जाळी असते. ती फाटली की आजचा किरकोळ दोष कायमचा होतो. तोंडाने जोरात फुंकलं तर आत वाफ जाते, तेही नको.

माइक विकत घ्यायचाच असेल तर फोनसाठी ३.५ मिमीच्या पिनवर तीन काळे पट्टे म्हणजे चार भाग असलेला घ्या. दोन पट्ट्यांची पिन साध्या हेडफोनची किंवा कॅमेऱ्याच्या माइकची असते. फोनमध्ये ती बसते, पण तिच्यातून फोनला आवाज मिळत नाही. दुकानदार "चालेल" म्हणाला तरी पट्टे मोजा. ज्या फोनला गोल खाच नाही त्याला टाइप-सी पिनचा माइक. कॉलर माइक शर्टाला लावताना हनुवटीपासून वीतभर खाली लावा, ओढणीखाली किंवा जॅकेटच्या चेनपाशी नको.

६. खोली

डोक्यावरचा पंखा थेट माइकवर वारा मारत असेल तर रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते. बाजूला सरका किंवा पंखा एक नंबर कमी करा. टीव्हीवरची मालिका पंख्याहून घातक आहे. पंखा शब्द बोलत नाही, मालिका बोलते, आणि तिचे संवाद निबंधात घुसतात. कुकर, मिक्सर, रस्त्यावरचा बँड असल्या आवाजांना इलाज नाही, वेळ बदला. रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. पडदा, गादी, कपड्यांचं कपाट असलेली खोली बरी.

७. बोलण्याची पद्धत

इथवर सगळं ठीक निघालं तरच इकडे या. ही तपासणी फुकट आहे, पण सवय बदलायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून ती इतकी खाली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकेक शब्द सुटा बोलणं. मुलांना वाटतं, हळू आणि तोडून बोललं की यंत्राला सोपं जातं. होतं उलटंच. यंत्र एखादा शब्द आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवतं. "पीक" की "पिक", "दीन" की "दिन", हे नुसत्या आवाजावरून माणसालाही सांगता येणार नाही; "शेतातलं पीक" म्हटलं की प्रश्न मिटतो. "शाळे... त" असं थांबून बोललं की प्रत्ययही सुटा पडतो. आठ ते बारा शब्दांचा एक अर्थपूर्ण तुकडा एका दमात, नेहमीच्या वेगाने बोला आणि मग थांबा.

थांबायचं तेही फार नाही. काही सेकंद शांतता झाली की जीबोर्ड ऐकणं बंद करतो. दोन वाक्यांनंतर आपोआप बंद पडण्याच्या तक्रारीचं खरं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं: मूल पुढच्या वाक्याचा विचार करतंय. उपाय असा की आधी मुद्दे कागदावर पेन्सिलीने लिहून घ्या, पाच-सहा शब्दांत एकेक, आणि मग माइक लावा. विचार आणि बोलणं एकाच वेळी चालू ठेवलं तर "म्हणजे", "मग", "आणि मग ते" यांनी पान भरतं.

माइक दाबल्यावर सूर वाजतो किंवा चिन्ह बदलतं. तेवढा क्षण जाऊ द्या, मग बोला. पहिला शब्द गळण्यावर दुसरं औषध नाही.

फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरा. अगदी ओठांशी धरला तर प, फ, भ यांच्या हवेचा फटका माइकवर बसतो. ओरडलं तर आवाज माइकच्या मर्यादेबाहेर जाऊन फाटतो. चुकलं की मुलं दुसऱ्यांदा मोठ्याने बोलतात, तिसऱ्यांदा त्याहून मोठ्याने, आणि चुका वाढत जातात.

संख्यांचं वेगळं सांगावं लागेल. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "सत्तावीस"सोबत "वीस सात" अशी वाचनपद्धत आली. त्या पद्धतीने बोललेलं यंत्र "२० ७" असं सुटं लिहू शकतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर एकमेकांत अडकतं, तो घोळ यंत्राचा नव्हे. इतिहासाच्या उत्तरात सन हाताने टाइप करा. चार आकडे टाइप करायला बोलण्याहून कमी वेळ लागतो आणि चुकलेलं साल वाचताना लक्षात येत नाही.

गणिताची पदं, रासायनिक सूत्रं आणि समीकरणं बोलून लिहू नका. "एक्सचा वर्ग अधिक दोन एक्स" हे तसंच्या तसं शब्दांत उमटतं आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा वहीत लिहिणं सोपं.

वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी वळणाचं बोलणं यंत्र बरेचदा प्रमाण मराठीकडे ओढतं, कधी भलतीकडेच नेतं. मुलाला "नीट बोल" म्हणून दामटवू नका. कथेतला संवाद बोलीत हवा असेल तर तेवढा भाग टाइप करा.

८. शब्द बरोबर, पण लिखाण कच्चं

हा बिघाड नाही, पण तक्रारींत याचा नंबर वरचा. विरामचिन्हांसाठी आधी आपल्या फोनवर "पूर्णविराम" आणि "स्वल्पविराम" बोलून बघा. चिन्ह उमटलं तर उत्तम. शब्दच उमटला तर त्याचाच उपयोग करून घ्या: वाक्य संपलं की "पूर्णविराम" बोलत जा आणि सगळं झाल्यावर लॅपटॉपवर कंट्रोल आणि एच दाबून शोधा-बदला उघडा. शोधायच्या चौकटीत आधी एक स्पेस आणि मग "पूर्णविराम" टाका, बदलायच्या चौकटीत नुसतं टिंब. ती आधीची स्पेस विसरलात तर प्रत्येक टिंबाअगोदर मोकळी जागा राहील. "पूर्ण विराम" असं तोडून आलेलं असेल त्यासाठी हेच पुन्हा करा. नवीन परिच्छेदासाठी एक ठरलेला शब्द, समजा "परिच्छेद", बोलून वर्डमध्ये त्याच्या जागी कॅरेटचं चिन्ह (^) आणि त्याला लागून इंग्रजी छोटा पी टाकला की ओळ तुटते. विरामचिन्हांवरच्याच व्याकरणाच्या नोट्स बोलत असाल तर ही युक्ती अर्थातच वापरू नका.

गूगल डॉक्समध्ये "न्यू लाइन", "सिलेक्ट पॅराग्राफ" असल्या बोली आज्ञा खात्याची आणि दस्तऐवजाची भाषा इंग्रजी असतानाच चालतात. मराठी दस्तऐवजात त्या बोललात की त्याच मजकुरात येऊन बसतात.

आता शुद्धलेखन. बोलताना आपण "केलं, झालं, सांगितलं" म्हणतो आणि तेच उमटतं. उत्तरपत्रिकेत "केले, झाले, सांगितले" अपेक्षित असतं. बोलतानाच लेखी रूप वापरणं हा एक मार्ग, पण त्याने मुलांचा ओघ तुटतो. ओघात बोलू द्या, नंतर एकेक रूप शोधून बदला. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ आणि "आणि" मात्र ऱ्हस्व, एवढा एक नियम डोळ्यांसमोर ठेवून शेवटची अक्षरं तपासली तरी बऱ्याच चुका निघतात.

"दुसऱ्या" शोधलं आणि समोर दिसत असूनही सापडत नाही, असं झालं तर गोंधळू नका. हा ऱ्य दोन वेगवेगळ्या सांकेतिक पद्धतींनी साठवला जातो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधणाऱ्याला वेगळे वाटतात. मजकुरातलाच शब्द कॉपी करून शोधायच्या चौकटीत चिकटवा.

बोलून लिहिलेल्या मजकुराचं मुद्रितशोधन डोळ्यांपेक्षा कानाने चांगलं होतं. डोळा गळालेला "नाही" मनानेच भरून घेतो. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये "सिलेक्ट टू स्पीक" चालू करून मजकूर मराठी आवाजात वाचून घ्या. उलटलेला अर्थ तिथे लगेच कानाला खटकतो.

अभ्यासासाठी वापरायचं असेल तर धडा बघून बोलू नका, ती नुसती नक्कल होते. धडा वाचा, पुस्तक मिटा, आठवेल तेवढं बोला आणि मग पुस्तकाशी ताडून जे राहिलं ते वेगळ्या रंगात लिहा. अंतिम उत्तर मात्र हाताने लिहून काढा. परीक्षा हाताने लिहायची आहे, आणि तीन तास लिहायची सवय बोलून लागत नाही.

९. लॅपटॉपवर डॉक्स

टूल्समधून व्हॉइस टायपिंग, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एस एकत्र. हे वेब ब्राउझरमध्ये चालतं. फोनवरच्या डॉक्स ॲपमध्ये हा मेनू नाही, तिथे कीबोर्डचाच माइक वापरायचा. माइकच्या चौकटीवरच भाषेची यादी असते, तिथे मराठी निवडा.

ऐकत नसेल तर पत्त्याच्या पट्टीच्या डावीकडच्या चिन्हावरून माइकची परवानगी बघा. मग विंडोजच्या सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत मायक्रोफोन उघडून डेस्कटॉप ॲप्सना परवानगी आहे का ते बघा. त्यानंतर साउंडमध्ये इनपुट उघडा, बोला, आणि पट्टी हलते का पाहा. पट्टी हलत नसेल तर बहुधा भलताच माइक निवडलेला असतो. काही लॅपटॉपना माइक बंद करायचं वेगळं बटण असतं, त्यावरचा बारीक दिवा बघा. दुसऱ्या टॅबवर संदर्भ बघायला गेलात की डॉक्स ऐकणं थांबवतं, म्हणून संदर्भ कागदावर किंवा दुसऱ्या खिडकीत ठेवा आणि परत आल्यावर माइक लाल आहे का याची खात्री करा.

१०. शेवटचे घरगुती उपाय

जीबोर्ड, गूगल ॲप आणि स्पीच सर्व्हिसेस अद्ययावत करा, फोन बंद करून चालू करा. तरी नाही जमलं तर ॲप्समधून जीबोर्डच्या स्टोरेजमध्ये जाऊन "क्लिअर कॅश" करा. "क्लिअर डेटा" शेवटी, कारण त्याने कीबोर्डला शिकवलेले शब्द आणि जोडलेल्या भाषा जातात. फॅक्टरी रीसेट या तक्रारीसाठी करू नका. त्याआधी अदलाबदल करून बघा: तोच मुलगा दुसऱ्या फोनवर, आणि दुसरा माणूस त्याच फोनवर. दोष फोनासोबत राहतो की बोलणाऱ्यासोबत जातो, हे या दोन वाचनांत कळतं.

कधी थांबायचं

दोष फोनासोबत राहिला, रेकॉर्डिंगही खराब आहे आणि फोनकॉलवरही समोरच्याला आवाज येत नाही, तर दुरुस्तीच्या दुकानात जा. वॉरंटी असेल तर आधी कंपनीचं सर्व्हिस सेंटर. बऱ्याच फोनांत हा माइक चार्जिंगच्या छोट्या बोर्डावरच असतो, त्यामुळे चार्जिंगही अडखळत असेल तर दुकानदाराला ते आवर्जून सांगा. फोन पाण्यात पडल्यानंतर माइक गेला असेल तर घरी काहीही करत बसू नका.

दोष बोलणाऱ्यासोबत जातोय, मूल लहान आहे, पण घरच्यांना आणि शिक्षकांना त्याचं बोलणं नीट कळतं, तर काळजी नको. मुलांचे आवाज यंत्रांना मोठ्यांच्या आवाजापेक्षा कमी ओळखू येतात. माणसांनाही कळायला अडचण होत असेल, किंवा मूल अडखळत असल्यामुळे माइक दर वेळी मध्येच बंद होत असेल, तर बोलून लिहिण्याचा सराव थांबवा. आधी श्रवणतपासणी आणि मग वाचा-उपचारतज्ज्ञ, या क्रमाने जा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

आणि एक वेगळीच स्थिती: मूल तोंडी उत्तर छान देतं, बोलून लिहिलेलं उत्तरही छान येतं, पण हाताने लिहिलं की अक्षर, गती आणि शुद्धलेखन तिन्ही कोसळतं, तेही वर्षानुवर्षं. इथे फोनमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नाही. ही लेखन-अक्षमता असू शकते आणि तिचं निदान तज्ज्ञांनीच करायचं असतं. ती ज्यात मोडते ती विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात समाविष्ट आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पात्र परीक्षार्थींसाठी लेखनिकाची सोय आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ दिलेला होता. मुंबईत सायन आणि नायर या पालिका रुग्णालयांत त्यासाठीची तपासणी होते. शाळेशी नववीतच बोला, कारण तपासणी, प्रमाणपत्र आणि बोर्डाकडचा प्रस्ताव यांत महिने जातात. घरी बोलून लिहिणं चालतं म्हणून बोर्डाच्या परीक्षेतही चालेल असं गृहीत धरू नका. कोणती सवलत मिळाली ते शाळेकडून लेखी घ्या आणि सराव त्याच सवलतीने करा.